बिऱ्हाडगाडीतली न्हाणी

आमच्या मामंजींनी काशीला जायला अख्खी बस विकत घेतली. त्या बसमध्ये देव बसले, स्टोव्ह बसला, पिठाचे डबे बसले, सासूबाईंच्या दोन बहिणी बसल्या. मी तेवढी बसले नाही. का, तर न्हाणी कुठं काढायची याचा मेळ बसेना. आता हे सांगितलं की नातसुना हसतात. हसा बायांनो, हसा. तुमच्या घरात खोलीगणिक न्हाणी आहे, तुमचं काय जातंय!

मामंजी म्हणजे माझे सासरे. श्रीगोंदा तालुक्यात कॅनॉलच्या पाण्यावर त्यांचा ऊस होता आणि गावात त्यांचा शब्द चालत होता. रेल्वेचा त्यांना भारी तिटकारा. "कोन कुटला शेजारी बसतोय, कुनाचा हात कुटं लागतोय, आन आपन देवाला निघालेलो," असं म्हणायचे. कुठल्याशा लिलावात त्यांना एक जुनी बस मिळाली. ती त्यांनी नगरच्या एका गॅरेजात नेऊन टाकली आणि मिस्त्रीला सांगितलं, बाकडी उपटून टाक आणि आत घर कर. झोपायला फळ्या, पुढं देव्हारा, मधे स्वयंपाक, टपावर पाण्याची टाकी. आपलं घरच चाकांवर घालून काशीला न्यायचं. गावानं तिला नाव ठेवलं बिऱ्हाडगाडी.

मला त्या गाडीतून जायचं होतं आणि त्याला कारण होतं. माझे वडील आदल्या वर्षी गेले होते. माहेर पारनेर तालुक्यात, पावसावरची शेती. भाऊ मला नाही. चुलतभावानं अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि गावच्या ओढ्यात सोडून तो मोकळा झाला. पण वडलांनी शेवटच्या आजारात माझा हात धरून सांगितलं होतं, "जित्तेपनी काशी घडली न्हाई पोरी, मेल्यावर तरी दाव." मी हो म्हणाले होते. म्हणून आईनं त्यातल्या मूठभर अस्थी एका लहानशा मडक्यात घालून, वर फडकं बांधून, दारापुढच्या लिंबाला टांगून ठेवल्या होत्या. अस्थी घरात आणत नाहीत. उन्हापावसात त्या तिथंच होत्या आणि आई रोज अंगण झाडताना वर बघायची. मला काशीतली साडी नको होती, बांगड्या नको होत्या. ते मडकं माझ्या हातानं गंगेत सोडायचं, एवढंच माझं मागणं होतं.

आणि मला नेणारही होते. उगाच खोटं कशाला बोलू? इतक्या माणसांच्या भाकरी थापायला कोण होतं दुसरं? थोरल्या जाऊबाईंनी आधीच हात वर केले होते. "मला न्हाई बाई जायचं. गोठ्यात म्हशी हायेत माज्या, त्यांना कोन बघंल? मला माज्या म्हशीच काशी," म्हणाल्या. तेव्हा चूल आपसूक माझ्याकडं आली. मला त्याचं काही नव्हतं. काशीपर्यंत थापीन म्हटलं.

मग एके दिवशी मिस्त्री न्हाणीची जागा विचारायला घरी आला. कागदावर काढून दाखवायला लागला तर मामंजी म्हणाले, "ह्ये कागुद आमाला कळत न्हाई. गाडी केवढी हाय ती जिमिनीवर दाव." त्यानं खळ्यावर चुन्याच्या फक्कीनं बस आखली. हे ड्रायव्हरचं, हे दार, ही चाकं. आणि आमचं सगळं घर त्या पांढऱ्या रेघांच्या आत जाऊन उभं राहिलं. सासूबाई आपल्या झोपायच्या जागी मांडी घालून बसल्यासुद्धा. जाऊबाई बाहेरून ओरडल्या, "आत्या, जरा सरकून बसा, चाक येतंय मांडीखाली!" सगळे हसले. मीही हसले. तेव्हा हसू येत होतं.

मिस्त्रीनं विचारलं, "संडास पन काढू का? मुंबईवाल्या एका शेटला मी काढून दिलाय."

मामंजी असे काही भडकले! "अरं देवाला चाललो का हगनदारी घिऊन मिरवाया चाललो? सारा मुलूख पडलाय की तांब्या घिऊन जायाला! न्हाणीचं काय ते बोल."

बाया तांब्या घेऊन कुठं आणि कधी जातात ते त्यांना कशाला ठाऊक असेल? पहाटे अंधारात जायचं, नाहीतर रात्रीपर्यंत पोट आवळून धरायचं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. संडास असा एका वाक्यात निकाली निघाला.

न्हाणी मात्र काही केल्या निकाली निघेना. मिस्त्रीचं म्हणणं, ड्रायव्हरच्या मागं काढू, टाकीचा नळ तिथं जवळ पडतो. सासूबाई म्हणाल्या, "तितं देव हायेत. देवाच्या अंगावर तुमच्या खरकट्या अंगाचं पानी उडवता?" मग मधे. मधे स्वयंपाक. अंघोळीचं पाणी पिठात जाईल. मग मागं. मागं ठीक होतं, नळ लांबवावा लागला असता इतकंच. मिस्त्रीनं मागच्या कोपऱ्यात फक्कीनं एक चौकट काढली आणि आतल्या बाजूला दार दाखवलं. मला वाटलं, झालं एकदाचं.

तेवढ्यात सासूबाई माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "आन ही बाहीर बसली म्हंजी?"

 मामंजी उगाच उसाकडं बघायला लागले. मिस्त्री दोरी गुंडाळायला लागला. माझा नवरा चपलेनं माती उकरत राहिला. आमच्या घरात कडक होतं ते. कावळा शिवला की बाईनं गोठ्याच्या कडेला पडवीत बसायचं, वेगळं तरट, वेगळा तांब्या, चार दिवस कुणाला शिवायचं नाही. सासूबाई, त्यांच्या बहिणी, सगळ्या त्यातून सुटलेल्या. त्या गाडीत बाहेर बसणारी मी एकटीच. आणि काशीला जाऊन यायला महिना तर मोडणार होताच. पण दोन हात पुढं सरकलं तर देव आणि दोन हात मागं सरकलं तर पीठ, अशा गाडीत बाहेर बसायचं कुठं? टपावर?

जाऊबाई पदरात तोंड घालून म्हणाल्या, "बघा बया, हिला आत बसाय मिळालं तर हिची बाहीर बसायची पंचाईत!"

काशी हातची चालली असं मला दिसलं आणि माझी लाज कुठल्या कुठं पळाली. सासऱ्यांपुढं, परक्या मिस्त्रीपुढं मी डोक्यावरचा पदर सावरून म्हणाले, "न्हाणीला आतून दारच ठेवू नका. बाहेरून ठेवा, मागच्या अंगानं. मधे पत्रा टपापर्यंत न्या. म्हणजे न्हाणी गाडीत असली तरी गाडीबाहेर झाली. मी बसेन तिथं चार दिवस. बसायला एक फळी मारा म्हणजे झालं."

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं, मग चौकटीकडं पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "आयला! वकीलच हाय ही! गाडीत आसून गाडीभाईर! काय गं, पटतं का तुला?" सासूबाईंनी दोनदा चौकटीला फेरा घातला आणि "चालंल" म्हणाल्या. मिस्त्रीनं आतल्या दाराची रेघ पायानं पुसली आणि बाहेरच्या बाजूला काढली. मी सातवी पास, सगळ्या घरानं माझं ऐकलं असं आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा झालं. रात्री मला आनंदानं झोप येईना. हुरळली मेंढी लागली लांडग्यामागं, दुसरं काय!

सरहद्दीवरची लढाई संपली, संक्रांत झाली आणि गाडी तयार होऊन दारात आली. हिरवा रंग, पुढं काचेवर देवाचं नाव, टपावर टाकी. सगळा गाव बघायला लोटला. सासूबाई मागच्या दारानं न्हाणीत चढल्या. खाली सिमेंटचा गिलावा, पाणी जायला भोक, वर नळ, आणि एका अंगाला माझी फळी. त्यांनी नळ सोडून बघितला, हात धुतले. मग त्यांची नजर फळीवर गेली.

"हितं बसनार व्हय तू?"

"तसंच ठरलं होतं की," मी म्हणाले.

त्या खाली उतरल्या आणि पायरीवरच बसल्या. कपाळाला हात लावला. "आन मंग मी कुटं अंगूळ करू? ही विटाळशी हितं चार दिस बसनार, आन मी त्याच जाग्याव पानी घिऊन, वली हून देवाला शिवनार? आगं माजे आये!"

कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं ते. माझ्यासुद्धा नाही. माझ्यापुरती जागा बाहेर काढताना मी सगळ्यांची न्हाणी बाहेर काढून ठेवली होती.

मी पुष्कळ तोंड वाजवलं. गोमूत्र शिंपडीन म्हटलं. चौथ्या दिवशी सगळी न्हाणी राखेनं घासून देईन म्हटलं. ते चार दिवस तुम्ही विहिरीवर, नदीवर अंघोळ करा म्हटलं. सासूबाई मानच हलवेनात. मिस्त्रीला निरोप गेला, दोन न्हाण्या होतील का. त्याचा उलटा निरोप आला की होतील, पण सासूबाईंच्या दोन्ही बहिणींच्या झोपायच्या फळ्या काढाव्या लागतील. मावश्या लगेच डोळ्याला पदर लावून बसल्या. आता राहिलं काय? एक तर न्हाणी, नाहीतर सून.

शेवटी मी मामंजींना म्हणाले, "आगगाडीनं गेले असते तर कुणी विचारलं असतं का? त्या डब्यात शंभर बाया बसतात. त्यांच्या कपाळावर काय लिहिलेलं असतं?"

मामंजी चिडले नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं. समजावणीच्या सुरात म्हणाले, "आगं पोरी, ती परक्याची गाडी. तितं कोन कुनाला इचारतंय? ह्ये आपलं घर हाय. घरात घरावानी ऱ्हावं लागतं."

असं ते घर! परक्याच्या गाडीत मला जागा होती, आपल्या घरात नव्हती. मी नवऱ्याकडं पाहिलं. एक शब्द बोलावा ना माणसानं! रात्री म्हणाला, "म्हातारीच्या तोंडाला कोन लागनार? तुज्या बापाच्या अस्थींचं म्हनशील तर मी हाय ना. जावई म्हंजी पोरगाच. माज्या हातानं सोडतो, मंग तर झालं?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. काय करणार? मी हो म्हणाले.

स्वयंपाकाला वाडीतली एक म्हातारी घेतली. तिची पाळी कधीच गेलेली. रक्ताची नाही, नात्याची नाही, पण ती चालली.

निघायच्या दिवशी आई पारनेरहून एसटीनं मडकं मांडीवर घेऊन आली. अंगणातच उभी राहिली. मला रोजच्या नेसूच्या लुगड्यातच बघून तिला कळलं. "तू न्हाई चालली?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुझे जावई सोडणार आहेत." तिनं मडक्यावरचं फडकं सारखं केलं. जावयापुढं बोलायची रीतच नव्हती. मडकं कुठं ठेवायचं त्यावरनं पुन्हा खल झाला. दुसऱ्या कुळाच्या अस्थी देवापाशी नकोत, पिठापाशी नकोत. मग सासूबाईंनाच सुचलं, "न्हाणीत टांगा. ती भाईरच हाय की." माझंच बोलणं! नवऱ्यानं नळाच्या वरच्या खिळ्याला मडकं अडकवलं. नारळ फुटला, गाडी गेली. आई धुरळा खाली बसेपर्यंत हात जोडून उभी होती.

होळीच्या तोंडावर गाडी परत आली. आईला मी निरोप धाडला होता, ती आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. ओवाळणं झालं, चहा झाला, गंगेच्या पाण्याच्या लोट्या वाटल्या. मामंजी रंगात येऊन सांगत होते, अमक्या घाटावर अशी गर्दी, तमक्या देवळात असा धक्का. आई खांबाआड बसली होती. तिनं पदर पुढं ओढून जावयाला हळूच विचारलं, "कुटल्या घाटाव सोडल्या?"

"मोठ्या घाटाव," तो म्हणाला. "ब्राह्मन बोलीवला, चांगलं मंतर म्हनून सोडल्या. काळजी करू नका मामी."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं बसल्या जागेवरनं त्याच्या पायाच्या दिशेला हात केला आणि कपाळाला लावला. मलाही भरून आलं. उगाच राग धरला याच्यावर, असं मनात आलं.

मग सासूबाईंनी मला गाडी धुवायला सांगितलं. तुंबलेलं, बुळबुळीत काहीतरी असेल म्हणून मी आधी खराटा घेऊन न्हाणीचं दार उघडलं. आत कांद्याची पोती, सरपण, रॉकेलचा डबा, काशीहून आणलेली पितळी भांडी. खालचा गिलावा जसा मिस्त्रीनं करून दिला होता तसाच कोरडा ठणठणीत. माझी फळी पोत्यांखाली. एक तांब्या पाणी त्या न्हाणीत कुणी सांडलं नव्हतं. मागनं आलेल्या मावशी म्हणाल्या, "आगं, तितं कोन कोंडून घेतंय? रोज कुटं ना कुटं नदी लागायची, न्हाई तर हीर. मोकळ्यावर अंगूळ बरी."

ज्या न्हाणीपायी मला खाली उतरवलं, तिच्यात त्यांनी कांदे ठेवले होते.

मी पोती ओढली. आणि नळाच्या वर, खिळ्याला, मडकं तसंच होतं. फडक्याची गाठ माझ्या आईच्या हातची, कुणी सोडलेली नव्हती.  मी ओरडले की नाही मला आठवत नाही, पण माझा नवरा धावत आला. मडकं बघून त्याचा चेहरा उतरला. "आगं, गर्दीत ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. पोत्याआड गेलं. वाटंत आटवलं, तवा काशी लई मागं ऱ्हायली हुती. आता गाडी परत कुटं वळवनार?"

"आणि घाट? आणि ब्राह्मण?"

"म्हातारीला बरं वाटावं म्हनून म्हनलो," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला निऊ की."

पुढची खेप! पुढच्या वर्षी दुष्काळानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. कुठली खेप आणि कुठलं काय! पण ती पुढची गोष्ट. तेव्हा मी मागं वळून पाहिलं, तर आई येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढं झाली, मडकं खिळ्यावरनं काढलं, पदराखाली घेतलं आणि संध्याकाळच्या एसटीनं निघून गेली. मला त्या दिवसाइतका माझ्या नवऱ्याचा राग पुन्हा आयुष्यात आला नाही, आणि तो कधी पुरता गेलाही नाही.

मी तिला निरोप धाडला की मी येते, आपण दोघी जाऊ. काशी नाही तर नाही, प्रवरासंगम आहे, गोदावरी आहे. पण घरातनं निघायचं कसं? भाकरी, धुणं, धारा, एक दिवस सुटेना. सुटले ते माझे बाहेर बसायचे दिवस आल्यावर. त्या चार दिवसांत घरात माझा उपयोगच नसायचा. "आईकडं जाऊन येते," म्हटलं. सासूबाई "जा" म्हणाल्या. एसटी परक्याची, तिथं विटाळ लागत नाही!

नगरच्या स्टँडवर आई भेटली. मांडीवर मडकं घेऊन ती खिडकीशी बसली, मी तिच्याशेजारी अंग चोरून बसले.  संगमावर उतरलो, उतारावरनं खाली पाण्यापाशी गेलो. ऊन कडक होतं, पाणी कमी होतं. आईनं फडक्याची गाठ सोडली आणि मडकं माझ्यापुढं केलं.

मी दोन पावलं मागं सरकले. आईसुद्धा जन्मभर बाहेर बसलेली बाई. पावसाळ्यात गळक्या सपरात भिजत बसलेली मी तिला पाहिली आहे, पण नेम तिनं कधी मोडला नव्हता. मी म्हणाले, "आये, मी बाहीर बसलीय. दुसरा दिस हाय. तूच सोड."

आईनं मडकं मागं घेतलं नाही.

"मंग?" ती म्हणाली. "बाप हाय त्यो तुजा. धर."

तिनं माझा हात धरला आणि मडकं माझ्या हातात दिलं. मी लुगडं वर खोचलं आणि पाण्यात शिरले.